पाने-गोट्या महाग घ्याव्यात की स्वस्त? नव्या गॅरेजसाठी हत्यारांची निवड

प्रश्न थोडक्यात असा आहे: औसा तालुक्यात गॅरेज टाकायचं आहे. काम मुख्यतः ट्रॅक्टर आणि बाईकचं, हंगामात मळणी यंत्र, रोटाव्हेटर, पंप. आयटीआय झालेलं आहे, हत्यारांसाठी तीस हजार रुपये बाजूला आहेत. थोडी पण जर्मन-अमेरिकन हत्यारं घ्यावीत, देशी नामांकित कंपनीचा पूर्ण सेट घ्यावा, की स्वस्तातला दीडशे नगांचा डबा उचलावा?

भाऊ, दीडशे नगांचा डबा आधी यादीतून काढा. त्यात तुम्हाला रोज लागणारे नग वीस-पंचवीस असतात, बाकी बिट्स आणि अडॅप्टर मोजून आकडा फुगवलेला असतो. आणि नेमके तेच वीस-पंचवीस नग आधी जातात. उरलेल्या दोन पर्यायांत निवड कंपनीच्या नावावर करू नका. प्रत्येक हत्यार हातात घेऊन एकच विचार करा: हे घसरलं किंवा तुटलं, तर सोबत काय जाईल? हातोडीचा दांडा तुटला तर नवा बसवता येतो. डिझेल पाइपच्या नटावर पाना घसरला तर नटाचे कोपरे जातात, पाइप बदलावा लागतो आणि ऐन मळणीत शेतकऱ्याचा दिवस जातो. जिथे हत्याराबरोबर गिऱ्हाइकाचा पार्ट किंवा तुमचा हात जातो, तिथे पैसे घाला. बाकी ठिकाणी वाचवा.

सगळ्यात जास्त फरक पाने आणि गोट्यांत (सॉकेटमध्ये) पडतो, म्हणून तिथून सुरुवात करू. एम ८, म्हणजे ८ मिमी जाडीच्या बोल्टचं डोकं आपण १३ चं म्हणतो, पण प्रमाणित बोल्टमध्ये ते १२.७३ ते १३.०० मिमीच्या दरम्यान कुठेही असू शकतं. १३ च्या पान्याचं तोंड आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १३.०४ ते १३.२४ मिमी असतं. म्हणजे पाना आणि बोल्ट दोन्ही नियमात असूनही ढिलाई ०.०४ पासून ०.५१ मिमीपर्यंत असू शकते. चांगला कारखाना तोंड खालच्या मर्यादेजवळ ठेवतो आणि ते तिथेच राहावं अशी उष्णता-प्रक्रिया करतो. बेनामी पाना नवा असतानाच वरच्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असू शकतो, आणि मऊ असल्यामुळे थोड्या वापरात तोंड आणखी उघडतं. मग पाना डोक्याच्या सपाट बाजूवर बसत नाही, फक्त कोपऱ्यावर टेकतो. सगळा जोर दोन रेघांवर येतो आणि कोपरा सोलून निघतो. बोल्ट 'गोल झाला' तर दोष बोल्टला दिला जातो, पण बऱ्याचदा तो पान्याचा असतो.

पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' छापलं आहे एवढ्यावर जाऊ नका. तो शिक्का कोणीही मारू शकतो. चांगल्या पान्याची कठीणता रॉकवेल सी या कठीणतेच्या मापात साधारण ४० ते ४८ असते. त्याहून मऊ असेल तर तोंड फाकतं, फार कडक असेल तर तडा जातो. हे दुकानात मोजता येत नाही, पण माप आणि घडण तपासता येते. दुकानात जाताना खिशात एम ८ आणि एम १२ चे नवे, डोक्यावर ८.८ (ताकदीचा वर्ग) लिहिलेले बोल्ट आणि साधा व्हर्नियर ठेवा. फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्याचं तोंड दोन जागी मोजा: टोकाशी आणि आत बुडाशी. टोकाशी जास्त भरलं तर जबडे समांतर नाहीत, तो पाना परत ठेवा. रिंग पान्यात भिंतीची जाडी चहूबाजूंनी सारखी आहे का बघा. एका बाजूला पातळ म्हणजे भोक मध्यावर नाही. रिंगच्या तोंडाची आतली उतरण खोल असेल तर पातळ नट अर्धाच पकडला जातो. शेवटी बोल्ट बसवून पाना डावी-उजवीकडे हलवा. थोडी हालचाल राहणारच, पण एका पान्यात ती ठळक आणि शेजारच्यात जाणवण्यापुरती असेल, तर निवड झालीच.

देशी नामांकित हत्यारांत नाशिकची टपारिया सगळ्यांच्या ओळखीची आहे. जालंधर-लुधियानाच्या पट्ट्यातही चांगलं काम करणारे कारखाने आहेत. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) मानक फिक्स पान्यासाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यासाठी आयएस २०२९ आहे. वेष्टनावर किंवा पान्यावर ते दिसलं तर चांगलंच. वरच्या थरात जर्मनीच्या हॅझेट, गेडोर, स्टालविले, अमेरिकेची स्नॅप-ऑन, जपानच्या केटीसी आणि कोकेन ही नावं येतात. देशी नामांकित पान्याच्या कित्येक पट किंमत मोजून तुम्हाला काय मिळतं? माप अधिक काटेकोर. तेवढ्याच ताकदीत भिंत पातळ, त्यामुळे अडचणीच्या जागी गोटी शिरते. आणि कडांची घडण अशी की जोर कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर येतो. ही घडण स्नॅप-ऑनने रुळवली, आता ती बऱ्याच देशी गोट्यांतही मिळते. किमतीतला आणखी एक मोठा भाग आजन्म वॉरंटीचा असतो. अमेरिकेत स्नॅप-ऑनचा विक्रेता गाडी घेऊन गॅरेजच्या दारात येतो आणि तुटलेला नग बदलून देतो. औसा-निलंग्याकडे अशी गाडी येत नाही. रॅचेट (गोट्या फिरवायचं दात्यांचं हँडल) कुरिअरने पाठवून महिनाभर वाट बघायची असेल तर त्या वॉरंटीचे पैसे इथे वसूल होत नाहीत. म्हणून पाने आणि गोट्या देशी नामांकित घ्या, पूर्ण सेट घ्या, आणि रोजच्या मापांचा एक जादा नग ठेवा: बाईकसाठी ८, १०, १२, १४, ट्रॅक्टरसाठी १३, १७, १९. मळणीच्या दिवसांत शेतात रात्री १७ चा पाना हरवला तर दुसरा पेटीत हवा.

गोट्या घेताना सहा कोनी मागा. दुकानदार बारा कोनी पुढे करेल, कारण बरेच सेट तसे येतात. बारा कोनी गोटी पटकन बसते, पण जोर कोपऱ्यांच्या अगदी जवळ घेते. गंजलेल्या बोल्टवर तिथेच घात होतो. रॅचेट अर्धा इंच, म्हणजे चार सुती ड्राइव्हचं (ड्राइव्ह म्हणजे गोटी बसते तो चौकोन), ट्रॅक्टरसाठी लागेलच. पण बाईकसाठी पाव इंच किंवा तीन सुती ड्राइव्ह वेगळं घ्या. बाईकच्या इंजिन कव्हरचे एम ६ बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला कसतात. अडीचशे मिमी लांबीच्या रॅचेटच्या टोकाला फक्त चार किलोचा जोर लावला की १० न्यूटन-मीटर पूर्ण होतात. हाताला ते कळतही नाही आणि अॅल्युमिनियमचे आटे निघून येतात. लहान रॅचेट इथे कंपनीपेक्षा जास्त वाचवतं. दातांचा आकडाही बघा: ७२ दातांचं रॅचेट ५ अंशांत पुढचा दात पकडतं, २४ दातांच्याला १५ अंश लागतात. चॅसिसच्या आत हात हलवायलाच जागा नसते तेव्हा हा फरक कामाचा. मात्र बारीक दातांच्या रॅचेटने अडकलेला बोल्ट तोडायला जाऊ नका. त्यासाठी लांब टॉमी (गोटी फिरवायचा साधा दांडा) ठेवा. सळईचा टॉमी करू नका. बांधकामाची सळई वाकते आणि वाकताना गोटी बोल्टवरून उचलली जाते. एअर किंवा बॅटरीची इम्पॅक्ट गन वापरणार असाल तर काळ्या क्रोम-मॉलिब्डेनमच्या गोट्याच लावा. चकचकीत क्रोमच्या हाताच्या गोट्या इम्पॅक्टवर फुटतात आणि तुकडा डोळ्याच्या दिशेने येतो. इथे काटकसर अजिबात नको.

ट्रॅक्टरवाल्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. मॅसी फर्ग्युसनच्या घराण्यातले आणि जुन्या आराखड्याचे महिंद्रा ट्रॅक्टर इंची बोल्टवर चालतात. तिथे मिमी पाना कुठे चालतो आणि कुठे नाही हे पाठ असू द्या. पाऊण इंच म्हणजे १९.०५, तिथे बहुतेक १९ चा पाना बसतो. पाच अष्टमांश म्हणजे १५.८८, तिथे १६ चालतो. पंधरा सोळांश म्हणजे २३.८१, तिथे २४ चालतो, जोर मात्र जपून. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ आणि तुमचा पाना १३ चा, तिथे ढिलाई कोपरा खाते. नऊ सोळांश म्हणजे १४.२९, तिथे १४ बसत नाही आणि १५ फिरतो. अकरा सोळांश म्हणजे १७.४६, तिथेही १७ बसत नाही आणि १८ ढिला. अशा जागी १८ मध्ये पत्र्याची पट्टी घालून काम काढण्यापेक्षा अर्धा, नऊ सोळांश, अकरा सोळांश आणि पाऊण इंची रिंग पाने घ्या. 

डिझेल पाइप आणि ब्रेक पाइपच्या नटांसाठी फिक्स पाना वापरूच नका. नट मऊ असतो, भिंत पातळ असते, आणि फिक्स पाना फक्त दोन बाजू धरतो. यासाठी फ्लेअर नट पाना मिळतो: रिंग पान्यासारखा, पण पाइपवरून आत सरकण्यापुरती फट असलेला. १७ आणि १९ च्या मापात घ्या, आणि इथे हलका नग अजिबात चालणार नाही. फट असल्यामुळे स्वस्त फ्लेअर पाना जोराला उघडतो आणि नेमकं जे टाळायचं तेच करतो.

आता स्क्रू ड्रायव्हर. मराठवाड्यातल्या बाईकींत मोठा वाटा हिरो, होंडा, यामाहा आणि सुझुकीचा. त्यांच्यावरचे बरेच चौकडीचे स्क्रू जपानी मानकाचे असतात. डोक्यावर बाजूला एक छोटा ठिपका असेल तर खात्रीच. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर वरवर बसतो पण तळाला टेकत नाही, आणि त्याची घडणच अशी की जोर वाढला की तो वर उचलला जातो. ब्रेक मास्टर सिलिंडरच्या झाकणाचे दोन स्क्रू आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरचे स्क्रू इतक्या बाईकींवर खराब का दिसतात, त्याचं हेच कारण. जपानी मानकाचा ड्रायव्हर फिलिप्स स्क्रूवरही चालतो, म्हणून पेटीत तोच ठेवा. विदेशी हत्यारावर पैसे घालायचेच असतील तर पहिली खरेदी ही करा: वेसलसारख्या जपानी कंपनीचा २ नंबर, मग ३ नंबर. मोठ्या खाचेत २ नंबर घालून फिरवला की खाच गेलीच. अडकलेल्या स्क्रूसाठी हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. तो साधा चालेल, पण त्याचे बिट्स चांगले घ्या.

अॅलन कीचं गणित तसंच आहे. स्वस्त कीची टोकं गोल होतात आणि बोल्टची खाच सोबत नेतात. ५, ६ आणि ८ मिमीच्या कडक, चांगल्या कंपनीच्या घ्या. चांगल्या कीचं टोक झिजलं तर ग्राइंडरवर दोन-तीन मिमी सरळ कापा, मध्ये मध्ये पाण्यात बुडवत, टोक निळं होऊ न देता. नव्या कडा मिळतात.

पकडींमध्ये वायर कापायची साइड कटर आणि सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची क्लिप) काढायची पक्कड या दोनच जागी चांगला पैसा घाला. साइड कटर उजेडासमोर मिटून धरा. पात्यांमध्ये टोकापर्यंत उजेड दिसता कामा नये. जर्मनीच्या क्निपेक्सची पक्कड देशीपेक्षा कित्येक पट महाग आहे, पण रोज वायरिंगचं काम असेल तर ती वर्षानुवर्षं कापते. सर्कलिप पकडीची टोकं मऊ असली की वाकतात आणि क्लिप उडते, चष्मा घाला. साध्या पकडीवरचं रंगीत प्लास्टिक म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे. पंपाच्या स्टार्टरमध्ये ४१५ व्होल्ट असतात. तिथे १००० व्होल्टची खूण आणि आयईसी ६०९०० हा आकडा छापलेलीच पक्कड आणि ड्रायव्हर वापरा, आणि तरीही आधी फ्यूज काढा.

टॉर्क पान्याबाबत लोक दोन टोकांना जातात: घेतच नाहीत, किंवा महागडा डिजिटल घेतात. हेड बोल्ट आणि कनेक्टिंग रॉडसाठी तो हवाच. एक लहान, साधारण ५ ते २५ न्यूटन-मीटरचा, आणि एक ४० ते २०० चा, क्लिक प्रकारचा घ्या. आयएसओ ६७८९ प्रमाणे ±४ टक्के अचूकतेचं प्रमाणपत्र पेटीत असलं पाहिजे. नसेल तर घेऊ नका. त्याच्या मापाच्या खालच्या पाचव्या हिश्श्यात तो भरवशाचा नसतो, म्हणून एकच मोठा पाना एम ६ साठी वापरता येत नाही. काम झाल्यावर स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली नव्हे. त्याने बोल्ट सोडवू नका. वर्षातून एकदा किंवा पाच हजार क्लिकनंतर कॅलिब्रेशन करा. संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे होतं. स्वस्त पण कॅलिब्रेट केलेला टॉर्क पाना महागड्या पण कधीच न तपासलेल्यापेक्षा जास्त खरा असतो.

आता जिथे खुशाल वाचवता येईल ती हत्यारं. हातोड्या, लाकडी-प्लास्टिकची हातोडी, पहार, छन्नी, तेलाची बुधली, वायर ब्रश, सी-क्लॅम्प, वर्षातून एकदा लागणारे ३६ च्या पुढचे ठोक पाने: सगळं साधं चालेल. छन्नीचं डोकं ठोकून छत्रीसारखं फुललं की घासून सरळ करा, नाहीतर तुकडा उडतो. पाइप पाना मात्र या यादीत घालू नका. बोअरचे पाइप काढताना जबडा घसरला तर मोटर पाइपसकट खाली जाते. जॅक कोणताही घ्या, पण त्याच्या भरवशावर खाली जाऊ नका. स्टँड वजनाच्या दुपटीचे घ्या.

स्वस्त गोट्यांचा एक उपयोग मात्र खराच आहे, आणि तो रोटाव्हेटरवर कळतो. काळी माती पात्याच्या बोल्टवर चिकटते, वाळते, आणि आट्यांत घट्ट बसते. आधी वायर ब्रशने बाहेर दिसणाऱ्या आट्यांवरची माती पूर्ण काढा. ती ठेवून नट फिरवला तर आटे रगडले जातात. गंज-सोडव तेल मारा आणि अर्धा तास दुसरं काम करा. सहा कोनी गोटी पूर्ण खोल बसवा, वर हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या. आधी किंचित कसायच्या दिशेने हलवा, मग सोडवा. तरी हलला नाही तर गॅसची ज्योत नटावर धरा, बोल्टवर नाही, म्हणजे नट फुगतो. ऑइल सील जवळ असेल तर हे करू नका. आणि कोपरे आधीच गेलेले असतील तर एक माप लहान असलेली स्वस्त बारा कोनी गोटी ठोकून बसवा. सतरा घासला असेल तर सोळा. ती बोल्टमध्ये चावते आणि फिरते. नंतर बोल्ट आणि गोटी दोन्ही टाकून दिली तरी वाईट वाटत नाही. पाना वाकवायचा किंवा घासून पातळ करायचा असेल तेव्हाही स्वस्तच उचला.

तीस हजारांची वाटणी अशी करा. पाने, गोट्या, दोन रॅचेट आणि चार इंची पाने यांवर बारा हजार. ड्रायव्हर, अॅलन, पकडी आणि दोन फ्लेअर नट पाने यांवर सहा. टॉर्क पाने, व्हर्नियर आणि फीलर गेजवर (फट मोजायच्या पट्ट्यांवर) सहा. कमी पडले तर मोठा टॉर्क पाना थोडा नंतर घ्या. स्टँड, हातोड्या, पुलर आणि पाइप पान्यावर तीन. उरलेले तीन हजार पहिले दोन महिने हातच लावू नका. कोणतं काम जास्त येतंय हे तेव्हाच कळेल, आणि मग त्या कामाचं खास हत्यार घ्या.

बिल घ्या, आणि पाकिटावरचं नाव आणि पान्यावर ठोकलेलं नाव जुळतं का बघा. नामांकित कंपन्यांच्या नकला बाजारात असतात. खरं नाव बहुतेक घडवताना उठावात आलेलं असतं, नकलेवर ते छापलेलं किंवा वरवर कोरलेलं दिसतं.

जुनी हत्यारं विकत घेणं वाईट नाही. व्हाइस तर जुनाच चांगला मिळतो: जबडे मिटवून बघा, मधल्या स्क्रूची मागेपुढे हालचाल बघा, आणि बीडाच्या शरीरावर वेल्डिंगची रेघ नाही ना ते बघा. जुन्या पान्यांत वाकलेला, मधोमध जोडलेला, किंवा घासून माप वाढवलेला नग घेऊ नका. ज्याच्यावर निळा-पिवळा डाग आहे तो तर अजिबात नको: त्याला कधीतरी ज्योत लागली आहे आणि तेवढ्या भागाची कठीणता गेली आहे. बाहेरून नवा वाटला तरी पहिल्याच गंजलेल्या बोल्टवर त्याचं तोंड उघडेल.